‘बरं आहे’ला किती गुण?

फॉर्म भरून घेण्यात माझी एकतीस वर्षं गेली. पतसंस्थेच्या काउंटरवर बसते मी. रकाना रिकामा, फॉर्म परत. सही जुळत नाही, फॉर्म परत. त्यामुळे 2024 साली हॉस्पिटलात एका डॉक्टर पोरीने माझ्यापुढे प्रश्नांचा गठ्ठा ठेवला तेव्हा वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. प्रत्यक्षात तो मी दोनदा चुकीचा भरला, आणि तोही एकही रकाना रिकामा न सोडता. नाकावरचा कॅन्सर, त्याची शस्त्रक्रिया, नवं नाक, आणि ते नाक घेऊन बाई जगते कशी हे मोजणारा तो फॉर्म, असं सगळं मिळून एक वर्ष गेलं. कुणाला यातून जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून तारखांसकट लिहिते. तारखा डायरीत आहेत.

2022 च्या दिवाळीत डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या भोकाच्या जरा वर, काळसर पुळी दिसली. चमकीने चिघळलं असेल म्हणून चमकी काढून ठेवली, हळद लावली. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. वर्षभरात पुळी तुरीच्या दाण्याएवढी झाली. मध्ये खळगा, भोवती चकचकीत कड. खपली धरायची, तोंड धुताना निघायची, थेंबभर रक्त, पुन्हा खपली. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, “दीड वर्षं कोणती पुळी राहते?” 12 फेब्रुवारी 2024 ला त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. फी आणि पॅथॉलॉजी मिळून 2,600 रुपये. नऊ दिवसांनी रिपोर्ट आला, बेसल सेल कार्सिनोमा, पिगमेंटेड, म्हणजे रंग धरलेला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. जगात त्वचेचा हाच कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो. तो हळू वाढतो, शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही, पण जिथे बसला तिथलं खात राहतो. गोऱ्या लोकांत तो गुलाबी दिसतो, आपल्याकडे बरेचदा काळसर, म्हणून लोक तीळ किंवा चामखीळ समजून वाट पाहतात. मला त्यातलं ‘खात राहतो’ एवढंच ऐकू आलं.

पुढचे तीन आठवडे कागदांचे. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले योजनेत होणार होती, म्हणून हॉस्पिटलात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीत रेशनकार्ड आणि आधार दिलं. कार्डावर माझ्या नावात एक अक्षर चुकलेलं. लोकांचे फॉर्म मी ज्या कारणासाठी परत करते, नेमकं त्याच कारणासाठी माझा परत आला. दुरुस्तीत दोन दिवस आणि तीनशे रुपये गेले, मग मंजुरीसाठी आणखी सहा दिवस. ज्यांना पुढे कधी लागेल त्यांनी आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आजारपणात ते सुचत नाही.

प्लास्टिक सर्जन सरांनी कागदावर चेहरा काढला. गाठ भोवतीच्या चांगल्या कातडीसह काढायची, मग कपाळाची कातडी खाली वळवून नाकावर बसवायची. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक रक्तवाहिनी वर कपाळात जाते, तिच्यासकट. ते म्हणाले, “ही कातडी तीन आठवडे देठावर ठेवावी लागते, काकू. नाकावर नवीन रक्तपुरवठा धरला की देठ कापायचा.” सुश्रुतापासून नाक बांधायची विद्या आपल्याकडे आहे हे मी शाळेत ऐकलं होतं. सरांनी पुढचं सांगितलं. टिपूच्या लढाईत कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक कापलं गेलं. ते पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाच्या कातडीने पुन्हा बांधलं. ती हकिकत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 साली तिकडे तसं नाक केलं. ऐकून धीर आला. नाक छान जमलं असं पाहणाऱ्याने तेव्हा लिहिलं होतं. कावसजीला स्वतःला आरशात पाहून काय वाटलं, हे कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न मला पुष्कळ नंतर पडला.

13 मार्चला, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ती रेसिडेंट डॉक्टर आली. मूळची लातूरकडची. प्रबंधासाठी चेहऱ्याच्या कॅन्सरनंतर नाक, पापणी, गाल बांधलेल्या पेशंटांना वर्षभर प्रश्न विचारणार होती. आधी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, दोन्ही मराठीत. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, मध्येच सोडता येईल, नाव कुठे छापणार नाही. सहीनंतर एक प्रत मला. (ही प्रत मागून घ्या. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी घेतली नाही आणि मग आपण कशावर सही केली म्हणून रात्रभर तळमळल्या.)

उपचारात फरक पडणार नाही हे मी वाचलं. पटलं मात्र नाही. उद्या माझं नाक ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या फॉर्मवर मी रडगाणं कसं लिहू? चेहऱ्याबद्दल समाधानी आहात का? खूप. आजाराची काळजी वाटते का? थोडीशी. सात मिनिटांत फॉर्म परत. रात्री अडीचपर्यंत छताचा पंखा पाहत होते, ते कुठल्या रकान्यात आलं नाही. ही पहिली चूक.

14 मार्चला शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या तुकड्याच्या कडा तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, कडा मोकळ्या निघाल्या, म्हणजे कडेला कॅन्सर नव्हता, मग कातडी वळवली. हे सगळं मला नंतर कळलं.

पुढचे तीन आठवडे हा यातला सर्वांत अवघड भाग. त्याविषयी मला सांगितलेलं होतं, पण देठ म्हणजे काय ते आरशात पाहिल्यावर समजलं. भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत मांसाचा जाड पूल, खाली ओलं ड्रेसिंग. नाकावर माशी बसली की गुदगुली कपाळावर व्हायची, कारण कातडीची नस अजून कपाळाचीच होती. हात कपाळाकडे जायचा आणि माशी नाकावर तशीच. 25 मार्चच्या धुळवडीला दारं लावून बसलो. नातू व्हिडिओ कॉलवर बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “आजी, तू फोन उलटा धरला का?” 4 एप्रिलला देठ कापला, त्याच दिवशी घरी आले. पाडव्याला गुढी ह्यांनी उभारली, मी आतून पाहिली.

19 एप्रिलला मतदान होतं. नाकावर पांढऱ्या पट्ट्या लावून गेले. टेबलावरच्या माणसाने ओळखपत्र पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. काही बोलला नाही, सहीला वही पुढे केली. बोटाला शाई लागेपर्यंत मी श्वास धरून होते. काउंटरच्या या बाजूने असं किती जणांना पाहिलं असेल मी.

दुसरा फॉर्म 2 मे रोजी. आणि इथे एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, माझ्याही. चष्मा कुठे ठेवायचा? नव्या नाकावर दाब नको म्हणून चष्मा बंद होता, आणि चष्म्याशिवाय मला अक्षर दिसत नाही. ह्यांनी टोपीला दोरा बांधून चष्मा वरून लटकवून दिला होता. टीव्हीपुरता तो चालायचा, फॉर्मला नाही. मग डॉक्टर म्हणाली, “मी वाचते, तुम्ही सांगा, काकू.”

आता ही तीच पोर, जिने ऑपरेशननंतरच्या दोन रात्री दर तासाला येऊन कातडीचा रंग पाहिला होता. काळी पडली तर कातडी गेली, म्हणून. ती समोर बसून विचारते आहे, चेहऱ्याबद्दल तुम्हाला कसं वाटतं? माझ्या तोंडून काय निघणार? “बरं आहे.” वण कसे वाटतात? “बरे आहेत.” लोकांत जायला संकोच वाटतो? “छे.” ती मुकाट्याने खुणा करत गेली. ही दुसरी चूक. आपल्याकडे ‘बरं आहे’ म्हणजे काही सांगणं नसतं. ‘कसं काय’ला दिलेली ती पोच असते.

त्या दिवशी बाकावर काटोलकडचे एक काका भेटले. संत्र्याची बाग, जन्मभर उन्हात, गालावरची गाठ काढलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पुतण्याच उत्तरं देत होता. “काकाला काही त्रास नाही, मस्त आहे.” डॉक्टरने पुतण्याला पाणी आणायला खाली पाठवलं आणि तोच प्रश्न काकांना पुन्हा विचारला. काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “मले पान खाता येत नाई नं मॅडम. गाल वढते. अन् घरी बोललो तं पोरं म्हनतात, जीव वाचला, आता पान कायले पायजे.” अंगठ्याच्या ठिकाणी साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या सिस्टरची सही घेतली होती, पुतण्याची नाही. तेव्हा मला तो उगाच सोपस्कार वाटला होता.

तिसऱ्या वेळी, 18 जूनला, चष्मा लावायची परवानगी मिळालेली होती. ओपीडीत गर्दी, डॉक्टरला आतून बोलावणं आलं, ती फॉर्म माझ्या हातात देऊन गेली. मी कोपऱ्यात पंख्याखाली बसले, आणि पहिल्यांदाच प्रश्न पूर्ण वाचले. ‘गेल्या सात दिवसांत’ असं प्रत्येक पानावर वर लिहिलेलं होतं. म्हणजे आयुष्याबद्दल विचारलेलं नव्हतंच, आठवड्याबद्दल होतं. गेल्या आठवड्यात मी काय केलं? रोज सकाळी दाराशी आरसा नेऊन उजेडात नाकाची कड तपासली, दोनदा रडले, नव्या पुळीसारखं काहीतरी दिसलं म्हणून ह्यांना रात्री उठवलं. तो कपाळाच्या कातडीबरोबर आलेला केस निघाला. सगळं लिहिलं. पाऊण तास लागला.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन. “काकू, काही झालंय का? सरांनी ‘उत्तम’ लिहिलंय, फोटोही चांगले आहेत, आणि तुमचे आकडे एकदम घसरलेत.” दुसऱ्या दिवशी गेले आणि कबूल केलं. ती हसली, मग वही उघडून मला सगळं दाखवलं. फॉर्म भरणाऱ्या कितीकांना हे कुणी दाखवत नसेल, म्हणून इथे लिहिते.

प्रत्येक उत्तराला एक ते चार असा अंक. एका विषयाचे अंक मिळवून तक्त्यावरून शून्य ते शंभरमध्ये गुण काढतात. चेहरा, वण, कॅन्सरची काळजी, संकोच असे विषय वेगवेगळे राहतात, सगळ्यांची मिळून एक बेरीज करत नाहीत. चेहऱ्याच्या रकान्यात जास्त गुण म्हणजे चांगलं, काळजीच्या रकान्यात जास्त गुण म्हणजे वाईट. चेहऱ्याला मी मे महिन्यात 88 वर होते, जूनमध्ये 51. काळजी 30 वरून 71. आधीची उत्तरं दुरुस्त करू का म्हटलं, तर म्हणाली, “खोडता येत नाही, काकू.” मला हे सांगायची गरज नव्हती. खाडाखोड केलेली स्लिप मीही घेत नाही. तिने शेजारी शेरा लिहिला, ‘वाचून विचारले’ आणि ‘स्वतः भरला’.

तिच्याकडे दुसरी एक जुनी प्रश्नावलीही होती, डीएलक्यूआय, 1994 सालची, दहा प्रश्नांची, त्वचारोगांसाठी जगभर वापरतात ती. तिच्यात खाज, आग, मलमं लावण्याचा व्याप असं विचारतात. माझी गाठ कधी खाजलीच नाही, मग तिच्या हिशेबाने मी जवळपास ठणठणीत. म्हणून चेहऱ्याच्या त्वचेच्या कॅन्सरसाठीच बनवलेली, 2018 साली आलेली फेस-क्यूची प्रश्नावली तिने घेतली होती आणि तिचा मराठी मसुदा आम्हा पेशंटांवर पारखून पाहत होती. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने ते न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यायचं, फरक शोधायचा, आणि शेवटी पेशंटांना विचारायचं की तुम्हाला यातून काय कळलं.

मला विचारलं तेव्हा मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मसुद्यात ‘व्रण’ होतं. व्रण म्हणजे जखम, माझी जखम तर भरली. आम्ही वण म्हणतो. दुसरी अवघड होती. ‘समाधानी’ हा शब्द. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला तुम्ही समाधानी आहात का विचाराल तर ती हो म्हणणारच. समाधानी असणं हा आपल्याकडे गुण आहे, असमाधानी म्हणजे हावरट. मला माझं नाक आवडतं का, हा वेगळा प्रश्न आहे. ती बराच वेळ पेन चावत बसली. ‘आवडतं’ बसवता येत नाही, मूळ शब्दापासून लांब जातं, असं म्हणाली. पुढे त्याचं काय झालं ते तिच्या गाइडना माहीत.

आकड्यांचा मला मात्र लगेच फायदा झाला. काळजीचे 71 पाहून सरांनी वीस मिनिटं काढली. कडा मोकळ्या निघाल्याचा रिपोर्ट ओळ न् ओळ समजावला, पुन्हा उद्भवली तर ती कशी दिसेल हे फोटोंवर दाखवलं, रोज नाही, महिन्यातून एकदा पाहा म्हणाले. आरसा मी न्हाणीघरातून काढला नाही, पण दाराशी नेणं बंद केलं.

उन्हाच्या प्रश्नांनी आम्हा दोघींना हसवलं. चेहरा झाकता का, उन्हात जाणं टाळता का? ही झाली काळजी घेण्याची उत्तरं. आणि लोकांनी पाहू नये म्हणून चेहरा लपवता का, हे संकोचाच्या रकान्यात. अहो, मे महिन्यात नागपुरात गाडीवरची प्रत्येक पोरगी डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात बांधून असते! मीही बांधला. एप्रिल, मे, अर्धा जून मी शहरात सर्वांसारखीच दिसत होते. पाऊस पडला, दुपट्टे उतरले, आणि मी बांधलेलाच ठेवला. तिथे मला कळलं की आपण ऊन टाळत नाही आहोत. (सनस्क्रीन तेव्हा 50 ग्रॅमला 650 रुपये पडलं, वणावरचं सिलिकॉन जेल 900. दोन्ही योजनेत नव्हतं, असा खर्च धरून चाला.)

चौथा फॉर्म 13 सप्टेंबरला, म्हणजे महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या दिवशी. जाऊबाईंकडे जेवणाला गेले होते. हळदीकुंकवाला एक बाई कुंकवाचं बोट घेऊन माझ्यासमोर आली आणि थांबली. कपाळाच्या मधोमध उभा वण, कुंकू लावायचं कुठे? तिचं बोट हवेत, माझी मान पुढे. शेवटी मीच जरा उजवीकडे दाखवलं. तेवढ्यात पाच-सहा जणींनी पाहिलं. आंबील घशाखाली जाईना.

फॉर्ममध्ये याला जागा नव्हती. चमकीलाही नव्हती. तिथे आता भोकच नाही, पुन्हा टोचायचं नाही असं ठरलेलं. शेवटच्या पानावर ‘आणखी काही’ अशा तीन ओळी होत्या, त्यांत टिकली, चमकी आणि चष्मा, तिन्ही लिहिलं. डॉक्टरने वाचलं आणि सांगितलं की पापणी बांधलेल्या एका बाईंनी काजळ लिहिलं होतं.

त्याच भेटीत सर म्हणाले, नाक जरा जाड दिसतं, तिसऱ्या टप्प्यात पातळ करून देऊ का? आधी मी मान डोलावून मोकळी झाले असते. या वेळी डॉक्टरच्या वहीत पाहिलं. नाकाच्या प्रश्नांना मी बऱ्यापैकी गुण दिले होते. कमी पडले होते कपाळाच्या वणाला. नाक राहू द्या म्हटलं, कपाळाचं काही होतं का सांगा. मालिश आणि जेल आणखी सहा महिने, एवढंच निघालं. तिसरी शस्त्रक्रिया वाचली.

पाचवा आणि शेवटचा फॉर्म 11 मार्च 2025. चेहरा 74, काळजी 44. तुम्ही असा फॉर्म भरणार असाल तर नातेवाइकांना चहाला पाठवा, स्वतः वाचता येत असेल तर स्वतः भरा, आणि मोठी अक्षरं हवीत हे आधीच सांगा, मिळतात. काटोलचे काका त्या दिवशी दिसले नाहीत. विचारलं तर त्यांची तारीख पुढच्या आठवड्यात होती, पान सुरू आहे, असं डॉक्टर म्हणाली.

एप्रिलमध्ये सीताबर्डीला नवा चष्मा करायला गेले. जुन्याच्या नाकावरच्या गाद्या एका बाजूने टेकत नव्हत्या. दुकानातल्या मुलाने पट्टी लावून नाक मोजलं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. म्हणाला, “काकू, दोन बाजूंत फरक आहे.” किती, मी विचारलं. “दोन मिलिमीटर.” गादी वाकवून बसवून दिली. 1,850 रुपये, गुरुवारी मिळेल म्हणाला.